झाडाला बांधलेली बोट

भिमाजी गतीर यांनी आयुष्यात फक्त बैलांची पारख केली. बायको आईनं निवडली, घर थोरल्या भावानं बांधलं आणि मुलाचं नाव आत्यानं ठेवलं. या तिन्ही बाबतींत आपल्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं ते अधूनमधून बोलून दाखवायचे, तेही मुलगा समोर असताना.

घोटीच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. बैलामागं दहा पावलं चालले की त्याचं वय, त्याची खोड आणि त्याच्या मालकाचा स्वभाव असं तिन्ही सांगायचे. दात घासून तरणा केलेला म्हातारा बैल, शिंगांना रंग फासून लपवलेली चीर, बाजाराच्या सकाळी दारू पाजून तरतरीत केलेलं जनावर, सगळं त्यांनी पकडलेलं. पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजारातले बैल कमी झाले आणि भिमाआबांची पारख घरी बसली. सून रूपाली त्यांना वांगी आणायला पाठवायची. ते एकेक वांगं उलटंपालटं करून, देठ दाबून, उजेडात धरून बघायचे. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहूनच पाव किलो निवडून पिशवीत भरून ठेवायची.

घर इगतपुरीच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून. मागच्या बांधावरून दगड टाकला तर पाण्यात पडावा. तर त्या मे महिन्यात नात तेजल आठ दिवसांच्या शिबिराला जाऊन आली आणि तिला दुसरं काही सुचेना. पायांत लांब फळ्या अडकवायच्या, हातात दोरी धरायची, पुढं बोट पळते आणि मागं आपण पाण्यावर उभं राहून घसरत जायचं. आबांनी दोनदा नीट समजून घेतलं.

"म्हंजे बोट बैल, अन् तू औत."

"आबा, जरा तरी चांगलं म्हणा ना!"

"औताला काय झालं? औत नसलं तर बैल नुसता हिंडतोय."

शिबिरात आयांना सोबत येऊ देत होते. रूपाली नुसती सोबत गेली नव्हती, बोट हाकायला शिकून, चालवायचा रीतसर दाखला घेऊन आली होती. तिनं नवऱ्याच्या, नवनाथच्या, आधी पिकअप शिकलेली, त्यामुळं घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "स्लॅबला ठेवलेल्या पैशात जुनी बोट येते. आपण सगळे बसू अशी, आणि तेजूला ओढेल अशी."

नवनाथचा घास हातातच राहिला. तो पिकअपमधून नाशिकला भाजी नेतो, स्लॅबचे अडीच लाख त्यानं फेरी फेरी करून जमवलेले. पण आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि निकाल दिला, "घ्यायची."

गावात बातमी जायला दुपार लागली. शेजारचा देवराम, ज्याच्याकडं गावातली शेवटची बैलजोडी आहे, तो बांधावर येऊन उभा राहिला. "काय आबा, बोट घेताय म्हणं? मग वेसण कुठून घालणार?"

"तुझ्या नाकातली काढून घालतो."

"असले शौक मुंबईवाल्यांचे असतात. घर गळायला लागलं म्हंजे कळंल."

"गळलं तर बोटीत बसू. तुला नाय घेणार." आबा उठून उभे राहिले. "अन् शौक मुंबईचा कसा रं? पाणी माझ्या बांधाला लागतं. मुंबईवाला तीन तास गाडी चालवून येतो ह्या पाण्यावर. माझ्या नातीनं काठावर भांडी घासायची काय?"

धरणात बोट घालायचा परवाना रूपालीनं काढला. बोट कोण निवडणार याचा निर्णय मात्र आबांनी कुणाला विचारला नाही. "पोरगी दोरी धरणार. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय हाय ते मी बघणार," असं म्हणून त्यांनी धोतर बदललं. पैसे एकदाच होते. बोट खोडीची निघाली तर स्लॅबही गेला, बोटही गेली आणि तेजलची दोरी कशाला बांधायची हा प्रश्न राहिलाच.

पहिली बोट नाशकात वडाळा नाक्याकडं, रहेमानभाईंच्या गॅरेजमागं ताडपत्रीखाली होती. रहेमानभाई पाण्याचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करतात. पोरं लहान होती तेव्हा घरच्यांना रविवारी फिरवायला त्यांनी ही बोट घेतली होती. आता पोरं पुण्याला, आणि बोट ताडपत्रीखाली. रंग एके काळी निळा असावा. गाद्या जागोजाग ठिगळलेल्या. मागं चाळीस घोड्यांचं इंजिन, त्याचं झाकण कुठल्या तरी दुसऱ्याच इंजिनाचं.

आबांनी आधी इंजिनावर तळहात ठेवला. गार. मग रहेमानभाईंनी इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून दोरी ओढली. पहिल्या ओढीत खोकलं, दुसऱ्या ओढीत चालू झालं. आबा बोटीखाली शिरले. रुपयाच्या नाण्यानं तळ ठोकत ठोकत पुढून मागं आले, कान लावून. सगळीकडं एकच खणखणीत आवाज. इंजिन ज्या मागच्या फळीवर लटकतं, ती त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. फळी हलली नाही, आबाच हलले. दोरी बांधायच्या हुकाखाली आतून जाड लोखंडी पट्टी होती. बैलाच्या खांद्यावरचा जुवाचा घट्टा बघावा तसा आबांनी त्या पट्टीवर अंगठा फिरवला.

आणि मग बोलायला सुरुवात केली.

"ह्यॅ! हा काय रंग? आजारी म्हशीसारखा. अन् ह्या गाद्या? कुत्रं बसायचं नाय. झाकण एकीकडं, इंजिन एकीकडं. रहेमानभाई, ही बोट हाय का भंगार? घेणाऱ्यालाच तुम्ही पैसे द्यायला पायजेत."

नवनाथ फोनवर कुणाशी तरी मेथीच्या भावावरून भांडत होता, पण एवढं त्यानं ऐकलं. त्याची मान खाली गेली. रूपाली मात्र रहेमानभाईंकडं बघत होती, कारण त्यांना राग यायच्या ऐवजी हसू येत होतं.

"आबा," रहेमानभाई हळूच म्हणाले, "माझे वालिद मालेगावला बकऱ्यांचा धंदा करायचे. एवढ्या शिव्या म्हणजे माल पसंत दिसतोय."

आबा "घरी इचारून सांगतो," म्हणून निघाले. पहिल्या दिवशी जनावर घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

दोन दिवसांनी नवनाथनं दुसरी बोट शोधली. हायवेच्या कडेला ललित नावाच्या तरुणाचं जुन्या बोटी आणि जुन्या गाड्यांचं आवार होतं. तिथं ट्रॉलीवर ती उभी होती. लालभडक, पांढऱ्या शुभ्र गाद्या, गाणी वाजवायला चार स्पीकर. नवनाथनं तिच्यासोबत फोटो काढला, मग तिच्यात बसून काढला, मग गॉगल लावून काढला.

"काका, ही बोट नाही, नवरी आहे नवरी," ललित म्हणाला. "पाच जण आरामात. पोरांना ओढा, पाहुण्यांना फिरवा, काहीही करा."

आबांनी इंजिनावर हात ठेवला. झाकण कोमट होतं.

"आज चालवली काय?"

"छे छे, महिनाभर हात नाही लावला."

आबांनी मान डोलावली. बाकीच्या बोटीचा लाल रंग उन्हानं थोडा उडालेला, मागची फळी मात्र कालच रंगवल्यासारखी. नाण्यानं ठोकलं तर पुढं खण खण, मागं भद भद. आबा बाजूला झाले आणि तोंड भरून म्हणाले, "वा! लय देखणी. असा रंग म्या पाह्यला नाय. घेणारा नशीबवान." आणि हात धुवायला नळाकडं गेले.

दलालाची ही रीतच असते. नको असलेल्या मालाची स्तुती करून निघायचं. त्याला पैसा पडत नाही आणि मालक पुढच्या बाजारातही रामराम घालतो. हवा असलेल्या मालाला मात्र मालकादेखत नावं ठेवायची. भिमाजी गतीर यांचं सगळं आयुष्य या रीतीवर गेलं होतं. त्यांचा मुलगा बाजाराला शेवटचा गेला तेव्हा सात वर्षांचा होता, आणि त्याला तिथली फक्त जिलेबी आठवत होती.

आबा हात पुसत परत आले तेव्हा नवनाथनं ललितला पंचवीस हजारांचा इसार दिलेला होता आणि घरून आणलेली गुलालाची पुडी बोटीच्या तोंडावर उधळली होती.

"आबा, झालं तुमच्या मनासारखं!" तो म्हणाला. "गुलाल पण आणला, तुमच्या बाजारातल्यासारखा."

आबांनी आधी बोटीकडं पाहिलं, मग मुलाकडं. दोघांचंही तोंड सारखंच लाल झालेलं.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये तिघं एका ओळीत बसले होते. घाटनदेवीचा फोटो समोर हलत होता. विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं. शेवटी आबांनी सगळं सांगितलं. नवनाथनं गाडी बाजूला घेतली.

"मग तुम्ही चांगली म्हणालात कशाला?"

"वाईट हाय म्हणून."

"आणि निळीला शिव्या?"

"चांगली हाय म्हणून! बैलबाजाराच्या दलालाचा पोरगा तू, अन् हे मी सांगू?"

"निळी आबांना पसंत आहे हे मला त्या दिवशीच कळलं होतं," रूपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलायला तोंड उघडलं तोवर तू गुलाल टाकलास. माझ्या तोंडात तर तुझ्या पुडीचा अर्धा गुलाल गेला."

नवनाथ म्हणाला, इसार बुडाला तर बुडाला, उद्या फोन करून नको सांगू. आबांनी नकार दिला. चाळीस वर्षांत गुलाल पडलेला सौदा त्यांनी मोडला नव्हता. गुलाल पडला की जनावर आपलं, मग रात्रीत ते दगावलं तरी आपलं.

"आबा, तो बाजार. इथं कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

पण त्याच बाजाराचा आणखी एक रिवाज होता. घेणाऱ्याला तीन दिवस. या तीन दिवसांत बैलाला जाम चाकाची गाडी जोडून बघायची. लपवलेली खोड निघाली तर बैल परत, इसार परत, आणि गुलाल विकणाऱ्याच्या तोंडावर. आबांनी ललितला फोन लावला आणि इतकंच सांगितलं की उरलेले पैसे तयार आहेत, बोट आमच्या पाण्यात उतरवून दाखव, आमच्या पद्धतीनं बघू. ललित म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं बघा." हे वाक्य त्यानं जपून बोलायला हवं होतं.

रविवारी सकाळी तो जीपमागं लाल बोट जोडून आला. काठावर गाव जमलेलं. देवरामही होता, गंमत बघायला. बोट पाण्यात गेली तसे लोक म्हणाले, वा, वा. तेजल लाइफ जॅकेट घालून तयार. आबांनी तिला मागं सारलं आणि खांद्यावरचा वीस हात दोर काढला. एक टोक बोटीच्या मागच्या हुकात. दुसरं टोक काठावरच्या जांभळीच्या बुंध्याला, तीन वेढे देऊन.

"हे काय?" ललितनं विचारलं.

"आता ओढ."

"काका, बोट झाडाला बांधून चालवतात का कुठं!"

"पोरगी ओढायला घ्यायचीय. पोरीला बांधून बघू का झाडाला?"

"त्या जांभळीला उपटायची आहे का तुम्हाला?"

"तुझी नवरी उपटू दे की. मी जांभळीचेबी पैसे देतो."

लोक हसले. हसले नसते तर कदाचित ललितनं नाही म्हटलं असतं. तो बोटीत चढला, इंजिन सुरू केलं आणि हळूहळू बोट पुढं घेतली. दोर ताणला गेला. जांभळीची पानं थरथरली.

"वाढव!" आबा ओरडले.

त्यानं वाढवलं. मागं पाण्याचा गढूळ डोंगर उठला.

"आणखी! पोरगी पन्नास किलोची हाय, पाण्यातून उठवायचीय तिला!"

ललितनं दात खाऊन पुरा जोर लावला, आणि मागच्या फळीवरचा तो कालचा लाल रंग आडवा फाटला. आधी केसाएवढी रेघ, मग करंगळी जाईल एवढी भेग. इंजिन मागं झुकलं, आभाळाकडं बघावं तसं. भेगेतून पाणी आत आलं ते थेट पांढऱ्या गाद्यांवर. ललितनं इंजिन बंद केलं तोपर्यंत त्याचे बूट बुडाले होते आणि स्पीकर गुळगुळ करत होते.

दोरानं ओढून बोट काठाच्या चिखलाला टेकवली. आबा गुडघाभर पाण्यात उतरले, भेगेत बोटं घातली आणि आतलं लाकूड बाहेर काढलं. काळं, भिजलेल्या भाकरीसारखं. चिमटीत चुरडलं गेलं.

"तुम्ही मोडलीत बोट!" ललित ओरडला. "झाडाला बांधून कुठलीही मोडेल. इसार विसरा. उलट भरून द्या."

"हे आज कुजलं? माझ्या दोरानं?" आबांनी तो चुरा त्याच्या तळहातावर ठेवला. "वास घे. चार पावसाळ्यांचा हाय. अन् ह्या फळीमागं तू माझी नात बांधणार होतास."

ललितनं चुरा झटकला. जीपमध्ये बसून बोट ओढायला लागला. पण पाण्यानं भरलेली बोट चिखलात रुतलेली. जीपची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल मागच्या लोकांच्या अंगावर उडाला, आणि पाचव्या प्रयत्नाला जीपही बूड टेकून बसली. तो उतरला. सगळ्यांकडं पाहिलं. कुणी हललं नाही.

"ट्रॅक्टर आहे का कुणाचा?"

"चिखलात ट्रॅक्टर घालायला कोण येडा हाय?" देवराम म्हणाला. त्याला आतापर्यंत आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे ठरवता आलं नव्हतं. ते त्या क्षणी ठरलं. "आबा, माझी जोडी आणू का? तुम्हीच निवडलेली हाय."

आबा जांभळीला टेकून बसले. "आण. पर जोडायची नाय. पंचवीस हजार माझ्या पोराच्या हातात पडले की जोडायची."

"ही जबरदस्ती आहे!"

"कसली जबरदस्ती? बोट तुझी, जीप तुझी, चिखल सरकारचा. आमचं काय हाय? आम्ही बसलोय. तू जा की खुशाल."

ऊन वर आलं. देवरामचे बैल येऊन उभे राहिले आणि रवंथ करू लागले. बोट हळूहळू एका कुशीवर कलत होती. ललितनं दोन फोन केले, दोन्हीकडून कुणी येईना. शेवटी त्यानं पैसे परत पाठवले. नवनाथचा फोन वाजला तेव्हा आबांनी त्याला आकडा दोनदा वाचायला लावला. मग जुंपणी झाली. बैलांनी मान खाली घातली, एकदा थांबून अंदाज घेतला आणि जीप, तिच्यामागं लाल बोट, असं सगळं कोरड्यावर आणून ठेवलं. आबांनी उपरणं भिजवलं आणि बोटीच्या तोंडावरचा गुलाल स्वतःच्या हातानं पुसला. शेवटच्या ठिपक्यापर्यंत. ललित गेल्यावरच ते घरी जेवायला आले.

निळी बोटही त्यांनी झाडाला बांधली. रहेमानभाई ओळखीचे झाले होते तरी बांधली, आणि रहेमानभाईंनी स्वतः जोर लावला. जांभळीची दोन पिकली जांभळं पाण्यात पडली. फळी तसूभर हलली नाही. भाव दोघांनी बाजाराच्या रीतीनं, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवला. आत काय चाललंय ते नवनाथला कळेना, आणि मधे बोलायची त्याची हिंमतही होईना. बजेटात बसली. वर दोन लाइफ जॅकेटं आणि पाण्यात घसरायच्या फळ्यांचा एक जुना जोड मिळाला. गुलाल या वेळी आबांनी टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी रूपाली सुकाणूला बसली. रहेमानभाई शेजारी. ते म्हणाले, "एक नियम आहे. चालवणारा पुढं बघतो. म्हणून एक माणूस मागं तोंड करून बसला पाहिजे, नुसता पोरीकडं बघत. ती पडली, तिनं थांबा म्हणून हात वर केला, ओढा म्हणून अंगठा दाखवला, लगेच सांगायचं. त्यानं दुसरं काहीच करायचं नाही."

"मी बसतो," नवनाथ म्हणाला.

"आबा बसतील," तेजल पाण्यातून ओरडली.

आबांनी नारिंगी जॅकेट धोतरावर चढवलं आणि बोट जाते त्या दिशेला पाठ करून बसले. काठावर देवराम, त्याची बायको आणि निम्मं गाव.

"आबा, उतरा खाली!" देवराम ओरडला. "सत्तरीत आलात! उलटं बसून चक्कर येईल!"

आबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

पहिल्या वेळी तेजल दोन हात पुढं आली आणि तोंडावर पडली. दुसऱ्या वेळी फळी निसटली. तिसऱ्या वेळी उठली, गुडघ्यात वाकली, आणि मग नुसता फेस दिसला. काठावरून कुणीतरी शिट्टी मारली. चौथ्या वेळी तिच्या नाकात पाणी गेलं, ती खोकत राहिली.

"पुरे आता," नवनाथ म्हणाला. "पोरगी दमली. लोक हसताहेत. पुढच्या रविवारी बघू."

"तिनं हात वर केला?" आबांनी विचारलं. नजर पाण्यावरच.

"नाही, पण..."

"पुरे म्हणाली?"

"नाही."

"मग तू कोण रं पुरे म्हणणारा?"

लांब पाण्यात तेजलनं केस मागं सारले, फळ्यांची टोकं वर काढली, दोरीची मूठ दोन्ही हातांत धरली आणि त्यातला एक अंगठा वर केला.

"अंगठा वर हाय!" आबा गरजले. "रूपाली, हाण!"